वॉटसनला वाचवणारा मरे

शेरलॉक होम्सचे नाव ऐकले नाही असा माणूस तुमच्यात क्वचितच असेल. त्याचा मित्र डॉक्टर वॉटसन, तोही सगळ्यांच्या ओळखीचा. पण मरे कोण, असे विचारले तर होम्सच्या गोष्टी पाठ असणारेही थोडे थबकतील. आज मी या मरेविषयी बोलणार आहे. होम्सच्या सगळ्या गोष्टींत मिळून त्याच्या वाट्याला जेमतेम एक वाक्य आले आहे. पण त्या वाक्याचा माग काढत गेले की मुंबई लागते, आपली खडकी लागते आणि आपल्या मुलखातली पुष्कळ माणसे भेटतात.

मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. मी रावेतला राहतो. पिंपरी-चिंचवडला पाणी जाते ते पवनेच्या ज्या बंधाऱ्यावरून, तो आमच्या गावातला. एके काळी इथे नदीकाठची शेते होती, आता उंच इमारती झाल्या आहेत. त्यातल्याच एका इमारतीत आमचे घर. नोकरीची ३४ वर्षे मी याच पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या मशीन शॉपमध्ये काढली. दुसऱ्या पाळीवरून रात्री घरी आले की लगेच झोप येत नसे. कानात लेथचा आवाज चालूच असायचा. मग वाचनालयातून आणलेली रहस्यकथा उघडायची. बाबूराव अर्नाळकरांचा धनंजय आणि त्याचा छोटू, झुंजार आणि त्याची विजया, आणि भालबा केळकरांनी मराठीत आणलेला होम्स, हे सगळे माझे त्या वेळचे रात्रीचे सोबती.

या कथांत एक गोष्ट कायम दिसते. गुप्तहेर कितीही हुशार असो, त्याला एक साथीदार लागतोच. का लागतो? एक तर, हुशार माणसाने स्वतःच स्वतःची हुशारी सांगितली तर ते ऐकायला बरे वाटत नाही. दुसरे म्हणजे, वाचकाच्या मनातला प्रश्न कोणीतरी विचारायला हवा. 'तुला हे कळले कसे?' हा प्रश्न वॉटसन आपल्या वतीने विचारतो. होम्सच्या एकूण ६० कथा आहेत, त्यात चार कादंबऱ्या. या ६० पैकी ५६ वॉटसनच्या तोंडून आलेल्या आहेत. म्हणजे वॉटसन नसता तर होम्स आपल्यापर्यंत पोचलाच नसता.

आणि मरे नसता तर वॉटसनच उरला नसता.

आर्थर कॉनन डॉयल हा स्वतः डॉक्टर. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पोर्ट्समथजवळच्या साउथसी इथे त्याचा दवाखाना होता. तिथेच १८८६ मध्ये त्याने होम्सची पहिली कादंबरी लिहिली. ती १८८७ च्या नाताळात एका वार्षिक अंकात छापून आली आणि तिचे त्याला सगळे मिळून २५ पौंड मिळाले. त्याच्या कच्च्या टिपणात होम्सचे पहिले नाव शेरलॉक नव्हते, आणि वॉटसनचे नाव चक्क ऑर्मंड सॅकर असे होते. पुढे नावे बदलली. पण हा साथीदार अफगाणिस्तानातून आलेला असावा, ही कल्पना त्या टिपणातही आहे. होम्स वॉटसनला पहिल्यांदा भेटतो तेव्हा हात हातात घेतो आणि म्हणतो की तुम्ही अफगाणिस्तानात होतात असे दिसते. वॉटसन थक्क होतो, आणि वाचकही.

वॉटसनची हकिगत अशी. १८७८ मध्ये तो लंडन विद्यापीठाचा एम. डी. झाला. लष्करी डॉक्टरांचे शिक्षण घेऊन तो एका गोऱ्या पलटणीवर नेमला गेला. ती पलटण हिंदुस्थानात होती. तो तिच्यापर्यंत पोचण्याआधीच दुसरे अफगाण युद्ध सुरू झाले. वॉटसन मुंबईला उतरतो तेव्हा त्याला कळते की त्याची पलटण खिंडी ओलांडून शत्रूच्या मुलखात पार आत गेली आहे. तो मागोमाग निघतो, कंदाहारला पोचतो, तिथून ६६ व्या बर्कशायर पलटणीकडे त्याची बदली होते आणि तिच्याबरोबर तो मैवंदच्या लढाईत सापडतो. जेझेल म्हणजे अफगाणांची लांब नळीची बंदूक. तिची गोळी त्याच्या खांद्यात बसते, हाड फुटते. तो शत्रूच्या हाती पडणार, इतक्यात त्याचा ऑर्डर्ली मरे त्याला ओझ्याच्या घोड्यावर आडवा टाकतो आणि इंग्रजांच्या फळीपर्यंत सुखरूप आणतो.

एवढेच. त्यानंतर मरे पुन्हा कधीही दिसत नाही. तो जगला की मेला, परत इंग्लंडला गेला की नाही, वॉटसनने त्याला कधी एखादे पत्र टाकले का, काही नाही. त्याचे पहिले नावसुद्धा आपल्याला माहीत नाही.

अर्थात डॉयल हिंदुस्थानात कधी आलेला नव्हता, आणि पात्रांचे तपशील सांभाळण्यात तो जरा ढिलाच होता. पहिल्या कादंबरीत खांद्याला लागलेली गोळी दुसऱ्या कादंबरीत वॉटसनच्या पायात गेलेली आहे. जखमी वॉटसनला तो पेशावरच्या इस्पितळात पाठवतो. आता नकाशा पाहा. कंदाहारचा माणूस बोलन खिंडीतून सिबीला उतरेल, तिथून रेल्वेने कराचीकडे जाईल. पेशावर राहिले पार दुसऱ्या टोकाला. पण लढाई मात्र डॉयलने खरी घेतली. मैवंद खरे आहे, ६६ वी पलटण खरी आहे. त्या पलटणीचे सर्जन-मेजर प्रेस्टन त्या दिवशी खरोखरच जखमी झाले होते, आणि वॉटसन त्यांच्यावरून सुचला असावा असे पुष्कळ अभ्यासकांना वाटते.

वॉटसन मुंबईला उतरला हे वाचले तेव्हा मला उगाचच आपलेपणा वाटला. डॉयलने मुंबईवर अर्धे वाक्यसुद्धा खर्च केलेले नाही. पण आपण कल्पना करायला हरकत नाही. १८८० च्या सुमाराची मुंबई. गंमत म्हणजे त्या मुंबईत काळ्या घोड्याजवळ 'वॉटसन्स हॉटेल' उभे होते. १८७१ साली सुरू झालेले, लोखंडी सांगाडा विलायतेत घडवून आणलेले. याच हॉटेलात पुढे १८९६ च्या जुलैत ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे आपल्या देशात पहिल्यांदा दाखवली गेली. हॉटेलवाला वॉटसन आणि आपला डॉक्टर यांचा काही संबंध नाही, नुसते नाव सारखे.

बंदरात शिरणाऱ्या जहाजाला त्या काळी लांबून एक उंच मनोरा दिसायचा. तो कुलाब्याच्या सेंट जॉन चर्चचा. आपण मुंबईकर त्याला 'अफगाण चर्च' म्हणतो. हे चर्च पहिल्या अफगाण युद्धातल्या आणि सिंधच्या मोहिमेतल्या मृतांचे स्मारक म्हणून बांधले, १८५८ मध्ये ते खुले झाले. आत अधिकाऱ्यांची नावे लिहिलेली आहेत. साध्या सैनिकांबद्दल मात्र असा मजकूर आहे की ते इतके होते की त्यांची नावे अशी नोंदता आली नाहीत. मी तो मजकूर पहिल्यांदा वाचला तेव्हा तिथे बराच वेळ उभा राहिलो. नावे जास्त आहेत म्हणून लिहिता येत नाहीत! भिंत तर केवढी तरी मोकळी होती.

असो. आता होम्सची पद्धत आपण वॉटसनच्याच वाक्याला लावून पाहू. होम्स म्हणत असे की दिसते सगळ्यांना, पण निरखून पाहतो एखादाच. मरेने वॉटसनला ओझ्याच्या घोड्यावर टाकले. आता ओझ्याचा घोडा म्हणजे स्वाराचा घोडा नव्हे. तो तट्टू. तट्टू आहे म्हणजे त्याच्यावर काहीतरी लादलेले होते, औषधांच्या पेट्या किंवा दारूगोळा किंवा पाणी. ते ओझे कोणीतरी उतरवले असणार. आणि तट्टू आहे म्हणजे तट्टूवाला असणार. लढाईच्या त्या गर्दीत तट्टू एकटे हिंडत नव्हते. तो तट्टूवाला कुठे गेला? त्याने आपण होऊन जागा दिली, की तो आधीच पडलेला होता? वॉटसनला मरेचे निदान आडनाव तरी आठवले. तट्टूवाला तर त्याच्या वाक्यातही नाही.

त्या वेळच्या फौजेबरोबर असे लोक किती असत, याची आज आपल्याला कल्पना येत नाही. उंटवाले, तट्टूवाले, पाणी वाहणारे भिस्ती, जखमींना उचलणारे डोलीवाले, स्वयंपाकी, मोतद्दार, घोड्यांसाठी गवत कापणारे. लढणाऱ्या माणसांबरोबर ही दुसरी एक बिनहत्यारी फौज चाले. पराभव झाला की सगळ्यांत आधी हीच माणसे उघडी पडत.

आता मैवंदला खरोखर काय घडले ते पाहू. तारीख २७ जुलै १८८०. हेरातहून अयुब खान मोठे सैन्य घेऊन कंदाहारवर चालून येत होता. त्याला अडवायला ब्रिगेडियर-जनरल बरोज यांच्या हाताखाली सुमारे अडीच हजारांची फौज पुढे गेली. अयुब खानाबरोबर २५ हजारांच्या आसपास लोक असावेत असा अंदाज केला जातो. म्हणजे एकास दहा. बरोज यांच्या या अडीच हजारांत गोरी पलटण एकच, ६६ वी. त्याशिवाय गोऱ्यांचा एक तोफखाना. बाकी बहुतेक सगळे हिंदी शिपाई, आणि तेही मुंबई फौजेचे. पहिली बॉम्बे ग्रेनेडियर्स, तिसावी बॉम्बे म्हणजे जेकब्स रायफल्स, तिसरे बॉम्बे लाइट कॅव्हलरी, सिंध हॉर्स, आणि लेफ्टनंट हेन यांच्या हाताखालची बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सची एक छोटी तुकडी.

बॉम्बे सॅपर्स म्हणजे कोण, हे आमच्या भागातल्या लोकांना सांगावे लागत नाही. त्यांचे ठाणे खडकीला. आजही त्यांचेच वारस, बॉम्बे इंजिनिअर ग्रुप, तिथे आहेत. आकुर्डीला लोकलमध्ये बसले की थोड्या वेळात खडकी येते. मी हजार वेळा त्या स्टेशनावरून गेलो असेन. वॉटसनच्या लढाईतली माणसे इथली होती, हे मला कोणी सांगितले नव्हते.

जुलै महिना, अंग भाजणारे ऊन, आणि जवळचे पाणी संपत आलेले. तोफांचा मारा सुरू झाला आणि तासन् तास चालला. बरोज यांच्याजवळ काही जुन्या धाटणीच्या तोफा होत्या, काही दिवसांपूर्वीच परत हिसकावून आणलेल्या. त्यांना पुरेसा दारूगोळा नव्हता. दुपारी तो संपला आणि त्या तोफा मागे घेतल्या गेल्या. डाव्या बाजूला जेकब्स रायफल्सच्या दोन कंपन्या उघड्या मैदानात सकाळपासून पडून होत्या. त्यांत पुष्कळ जण नवखे रंगरूट. त्यांना एवढेच दिसले की आपल्या तोफा मागे चालल्या आहेत. थोड्या वेळाने अफगाणांची लाट आली आणि ती बाजू मोडली. मोडलेले लोक ग्रेनेडियर्सवर येऊन आदळले, ग्रेनेडियर्स ६६ व्या पलटणीवर, आणि सगळी फळी कोसळली.

तरी सगळे पळाले नाहीत. खीग गावाजवळच्या बागांत ६६ व्या पलटणीच्या उरलेल्या लोकांनी शेवटपर्यंत झुंज दिली, आणि इंग्लंडमध्ये त्याची चित्रे निघाली. पण त्यांच्याबरोबर ग्रेनेडियर्सचे काही शिपाई होते, आणि लेफ्टनंट हेन यांच्याबरोबर खडकीचे सॅपर्स होते. मागे जाणाऱ्यांना वेळ मिळावा म्हणून ते थांबले. हेन तिथेच पडले.

उरलेल्यांनी रात्रभर कंदाहारची वाट तुडवली. सुमारे ४५ मैल, आणि वाटेत पाणी जवळजवळ नाही. जखमींपेक्षा तहानेने जास्त हाल झाले. जनरल रॉबर्ट्स काबूलहून कूच करत आले आणि १ सप्टेंबर १८८० ला त्यांनी कंदाहारपाशी अयुब खानाचा पराभव केला. इंग्रजांच्या दृष्टीने युद्ध जिंकले गेले, रॉबर्ट्स यांचे नाव झाले. मैवंद मात्र एक काळा डाग म्हणून राहिले.

अफगाणांच्या बाजूलाही मैवंदची एक आठवण आहे. मलालई नावाच्या मुलीने त्या दिवशी कच खाणाऱ्या अफगाणांना धीर दिला आणि तिथेच प्राण सोडला, अशी त्यांची लोककथा आहे. पाकिस्तानातली मलाला युसुफझाई, जिला २०१४ चे नोबेल शांतता पारितोषिक मिळाले, तिचे नाव या मलालईवरूनच ठेवलेले. म्हणजे जिंकणाऱ्यांनी त्या लढाईतल्या एका मुलीचे नाव सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लेकींना देत जिवंत ठेवले.

हरणाऱ्यांनी कोणाची नावे ठेवली? मैवंदला इंग्रजांच्या बाजूचे ९०० हून अधिक सैनिक मेले. त्यांत ६६ व्या पलटणीचे २८६. उरलेल्यांत सहाशेहून अधिक हिंदी शिपाई होते. तट्टूवाले-डोलीवाले वेगळेच. ६६ व्या पलटणीचे स्मारक इंग्लंडमध्ये रेडिंग गावी आहे, एक प्रचंड सिंह. त्या मोहिमेत मेलेल्या पलटणीच्या ३२९ जणांची नावे त्याच्या चौथऱ्यावर आहेत, अधिकाऱ्यांची आणि साध्या सैनिकांचीही. तो सिंह १८८६ मध्ये बसवला. डॉयलने वॉटसन लिहिला तेही हेच वर्ष.

याच पलटणीचा एक कुत्रा होता, बॉबी. तो मैवंदला जखमी झाला आणि तरी वाचला, आपल्या लोकांना येऊन मिळाला. १८८१ मध्ये व्हिक्टोरिया राणीने स्वतःच्या हाताने त्याच्या गळ्यात पदक घातले. पुढच्या वर्षी बिचारा एका घोडागाडीखाली सापडून मेला. त्याचे शरीर भुसा भरून जपून ठेवले आहे आणि आजही इंग्लंडमधल्या सॅलिसबरीच्या लष्करी संग्रहालयात ते पाहायला मिळते. माझा त्या कुत्र्यावर राग नाही. तो इमानी होता, त्याला पदक मिळाले, छान झाले. पण खडकीहून गेलेल्या त्या सॅपर्सपैकी एकाचे तरी नाव आपल्याला सांगता येईल का, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. त्या लढाईतल्या पराक्रमासाठी तोफखान्याच्या दोघा गोऱ्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हिंदी शिपायाला तो मिळूच शकत नव्हता. तो नियम १९११ मध्ये बदलला.

हिंदी शिपायांच्या वाट्याला एक गोष्ट मात्र भरपूर आली, ती म्हणजे दोष. लढाई का हरलो, याची चौकशी झाली. दोघा गोऱ्या घोडदळ अधिकाऱ्यांवर कोर्टमार्शल चालले, दोघेही निर्दोष सुटले. त्यांना निदान आपली बाजू मांडता आली. डाव्या बाजूच्या शिपायाला कोण विचारणार, की बाबा, तू सकाळपासून पाण्याशिवाय उन्हात का पडून होतास? तोफा मागे गेल्या ते तुला कोणी समजावून सांगितले का? मुंबईच्या पलटणी कच्च्या निघाल्या, एवढेच लोकांच्या लक्षात राहिले.

पुढे १८८५ ते १८९३ या काळात हेच रॉबर्ट्स हिंदुस्थानचे सरसेनापती होते. मद्रास आणि मुंबईकडचा शिपाई कमी प्रतीचा, खरा लढवय्या उत्तरेकडचा, असे त्यांचे पक्के मत. लढाऊ जाती आणि बिनलढाऊ जाती अशी वाटणी तेव्हा सरकारी धोरणात शिरली. याला एकटे मैवंद कारणीभूत नव्हते, आणखी पुष्कळ कारणे होती. पण असे मत ज्यांना मांडायचे होते त्यांना मैवंदचे उदाहरण आयते मिळाले.

या धोरणाचा घाव सगळ्यांत खोल बसला तो महार शिपायांवर. मुंबई फौजेत ते कंपनी सरकारच्या काळापासून होते. पुण्याजवळ कोरेगाव भीमाला १८१८ च्या लढाईचा जो स्तंभ आहे त्यावर मेलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत, आणि त्यांत २२ नावे 'नाक' या प्रत्ययाची, म्हणजे महार शिपायांची आहेत. कंपनी सरकारला १८१८ च्या शिपायांची नावे दगडावर कोरता आली होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत महारांची लष्करभरती बंद झाली. ज्या घरात बापजाद्यांनी पेन्शन खाल्ली, जिथे पलटणीच्या शाळेमुळे अक्षर पोचले, त्या घरांचे एकुलते दार बंद झाले. पेन्शनर हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी याविरुद्ध अर्ज केला. पुढे १९१० मध्ये पुण्याहून शिवराम जानबा कांबळे यांनी विलायतेच्या भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पूर्वजांनी केलेली चाकरी हा या अर्जांचा मोठा आधार होता. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा १९१७ मध्ये सरकारने १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट स्थापन व्हायला १९४१ उजाडले.

तेव्हा श्रोतेहो, नाव नोंदले गेले की नाही, ही नुसती मानापानाची बाब नसते. ज्याचे नाव कागदावर नसते त्याला उद्या कोणी म्हणाले की तू तिथे नव्हतासच, तर तो काय दाखवणार?

हे बोलण्याचा मला स्वतःला किती अधिकार आहे, हा प्रश्न मला पडतो. त्याचे कारण सांगतो आणि मग थांबतो.

कारखान्यात प्रत्येक कारागिराच्या हाताखाली एक हेल्पर असायचा. माझ्या मशीनवर बरीच वर्षे एक गृहस्थ होते, ठेकेदाराकडचे. बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातले गाव सोडून आलेले. माझ्यापेक्षा वयाने मोठे. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही मामाच म्हणे. १९९१ ची गोष्ट असेल. आमच्या ड्रिलिंग मशीनवर ड्रिल सारखे तुटायचे. साहेब लोक येऊन ड्रिल तपासायचे, स्पीड तपासायचे, मटेरियल तपासायचे. काही सापडेना. एके दिवशी मामा म्हणाले, "ड्रिल नका बघू. जॉब बसतो तिथं बघा. खाली बुरा साचतो, जॉब इवलासा तिरका बसतो. आवाजावरनं कळतंय की." पाहिले तर तसेच होते. फिक्श्चरवर हवेचा एक नोझल लावला, प्रत्येक जॉबआधी बुरा उडवायचा. ड्रिल तुटणे थांबले.

तेव्हा कारखान्यात सूचना योजना होती. मी फॉर्म भरला. फॉर्मवर एकच रकाना होता, नाव आणि तिकीट नंबर. मामा ठेकेदाराचे, त्यांना तिकीट नंबर नव्हता. मी माझे नाव लिहिले. बक्षीस मिळाले, एक भिंतीवरचे घड्याळ आणि प्रशस्तिपत्र. कारखान्याच्या मासिकात माझा फोटो आला. मामांनी माझे तोंड भरून कौतुक केले, पेढा खाल्ला. त्यांनी कधी एका शब्दाने काही विचारले नाही. पुढे ठेकेदार बदलला आणि मामा यायचे बंद झाले.

इतकी वर्षे मी स्वतःला सांगत आलो की फॉर्मच तसा होता, मी काय करणार? पण फॉर्मवर खाली 'सूचनेचा तपशील' म्हणून अर्धे पान मोकळे होते. तिथे एक ओळ लिहिता आली असती. अफगाण चर्चच्या त्या मोकळ्या भिंतीसमोर उभा असताना मला हेच अर्धे पान आठवले होते.

या भाषणाची तयारी करताना ठरवले की निदान आज तरी मामांचे पूर्ण नाव रेडिओवरून घ्यायचे. जुन्या सोबत्यांना फोन केले. एक आकुर्डीला राहतो, एक चिखलीला, एक गावी परत गेला. तिघांनाही मामा लख्ख आठवतात. त्यांचा चहा पिण्याचा जर्मनचा मग आठवतो, त्यांची टोपी आठवते, मशीनला कान लावून उभे राहण्याची लकब आठवते. नाव कोणालाच ठाऊक नाही. ठेकेदाराची नोंदवही आता कुठून मिळणार?

वॉटसनवर मी इतके बोललो, पण माझ्यापेक्षा तो बरा. त्याने मरेचे आडनाव तरी लिहून ठेवले, आणि हा माणूस नसता तर मी वाचलो नसतो असे सरळ कबूल केले. मला तर तेवढेही जमले नाही.

ते घड्याळ आमच्या रावेतच्या घरात अजून चालू आहे. प्रशस्तिपत्राची चौकट मी परवा खाली काढली आणि मागच्या पुठ्ठ्यावर लिहिले की ही सूचना मामांची, पूर्ण नाव मला माहीत नाही, मी विचारले नाही. नातू शेजारी उभा होता. तो म्हणाला, "आजोबा, पण हे तर मागच्या बाजूला आहे. कोण वाचणार?" त्याचे म्हणणे खरे होते. म्हणून आज इथे सांगितले.

तुमच्यापैकी कोणाच्या कामात असे कोणी मामा असतील, तर आज-उद्यात त्यांचे पूर्ण नाव विचारून घ्या. माझ्यासारखा उशीर करू नका.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)